विषाची उपलब्धता आणि मनाचा आधार

फवारणीच्या द्रव्याला शेतकरी ‘औषध’ म्हणतो. पिकाच्या दृष्टीने तो शब्द सार्थ आहे. माणसाच्या दृष्टीने मात्र ते विषच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ७ लाख २७ हजार व्यक्ती आत्महत्येमुळे मृत्यू पावल्या. आशियातील शेतीप्रधान देशांत अशा मृत्यूंमध्ये कीटकनाशकांचा वाटा मोठा आहे. या प्रश्नाची चर्चा बहुधा नापिकी, कर्जबाजारीपणा आणि बाजारभाव यांच्या अनुषंगाने होते. ती कारणे खरी आहेत आणि त्यांवरील उपायही निकडीचे आहेत. तथापि वैद्यक, मानसिक आरोग्य आणि कृषिविज्ञान या तीन शाखांतील गेल्या काही दशकांच्या संशोधनातून एक आशादायक निष्कर्ष पुढे आला आहे. आर्थिक अडचणी पूर्णतः दूर होण्याची वाट न पाहताही यांतील पुष्कळ मृत्यू टाळता येतात.

संकटाचा क्षण

आत्महत्या हा दीर्घ विचारान्ती घेतलेला निर्णय असतो, असा सर्वसाधारण समज आहे. श्रीलंकेतील रुग्णालयांत वाचलेल्या व्यक्तींशी संशोधकांनी संवाद साधला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. अनेकांच्या बाबतीत विचार मनात येणे आणि कृती घडणे यांत अर्ध्या तासाचेही अंतर नव्हते. घरातील भांडण, अपमान किंवा अचानक आलेले संकट हे त्याचे निमित्त होते. त्या क्षणी अतिविषारी द्रव्य हाताशी नसेल, तर तो क्षण टळतो आणि माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. अशा प्रसंगातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य व्यक्तींचा पुढे आत्महत्येने मृत्यू होत नाही, हेही निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून आढळून आले आहे. ‘आज वाचला तरी उद्या तेच करील’ या समजुतीला शास्त्रीय आधार नाही.

श्रीलंकेचा अनुभव

१९९५ च्या सुमारास श्रीलंकेतील आत्महत्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४७ होते. जगातील अत्युच्च प्रमाणांमध्ये त्याची गणना होई. त्या देशाने १९८४ पासून अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून घेण्यास आरंभ केला होता. १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससह सर्वाधिक विषारी गटातील उरलेली द्रव्ये बंद झाली. मात्र त्यांची जागा एंडोसल्फानने घेतली आणि त्यामुळे होणारे मृत्यू वाढू लागले. रुग्णालयांच्या नोंदींतून ही गोष्ट ध्यानात येताच १९९८ मध्ये एंडोसल्फानवरही बंदी आली. २००८ ते २०११ या काळात आणखी काही द्रव्ये हटविण्यात आली.

परिणाम असा झाला की २०१५ पर्यंत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. या धोरणामुळे १९९५ ते २०१५ या काळात सुमारे ९३ हजार जीव वाचले, असा अंदाज संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. विशेष म्हणजे विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात घटली नव्हती. घट झाली ती मृत्यूंमध्ये. लोकांची दुःखे तीच राहिली, परंतु ती जीवघेणी ठरण्याचे प्रमाण कमी झाले.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने १८ कीटकनाशकांवर बंदी आणणारा आदेश काढला. त्यांतील १२ द्रव्यांवरील बंदी तात्काळ लागू झाली, तर उर्वरित ६ द्रव्यांसाठी २०२० च्या अखेरपर्यंत मुदत देण्यात आली.

उत्पादनाचे काय?

अशा बंदीमुळे पीक हातचे जाईल काय, ही शेतकऱ्याची शंका रास्त आहे. श्रीलंकेतील या टप्प्याटप्प्याच्या बंदीनंतर भातासह प्रमुख पिकांच्या उत्पादनाचा अभ्यास करण्यात आला. बंदीमुळे उत्पादन घटल्याचे त्यात आढळले नाही. २०२१ मध्ये त्याच देशाने रासायनिक खतांसह सर्वच कृषिरसायनांची आयात एकाएकी थांबविली आणि शेतीवर मोठे संकट ओढवले. त्यामुळे काही महिन्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. या दोन घटनांची गल्लत होता कामा नये. निवडक घातक द्रव्ये पर्याय देऊन हटविणे वेगळे आणि सर्व साधने एका दिवसात काढून घेणे वेगळे.

इंडोनेशियाचे उदाहरणही बोलके आहे. तेथे भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रव वाढत गेला, तो फवारणी कमी पडल्यामुळे नव्हे. फवारणीने कोळ्यांसारखे तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रू नष्ट झाल्यामुळे तो वाढला होता. १९८६ मध्ये शासनाने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास मनाई केली आणि एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा अंगीकार केला. त्यानंतर भाताचे उत्पादन घटले नाही. महाराष्ट्रातील कामगंध सापळे, सापळा पिके, निंबोळी अर्क आणि किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारणी, या शिफारशींमागे हेच तत्त्व आहे. ही पद्धती केवळ खर्च वाचविणारी नाही, तर घरात साठणाऱ्या विषाचे प्रमाण कमी करणारीही आहे.

कुलूप पुरेसे आहे काय?

कीटकनाशके घरातच कुलूपबंद पेटीत ठेवली तर भागेल, असे सहज वाटते. या कल्पनेची कसून परीक्षा झाली. श्रीलंकेतील १८० गावांतील सुमारे ५३ हजार कुटुंबांचा समावेश असलेल्या चाचणीत निम्म्या गावांतील कुटुंबांना कुलपाच्या पेट्या देण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पेट्यांमुळे अशा घटनांत उल्लेखनीय घट झाली नाही. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी कुलूप हवेच; पण प्रौढांच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबता येत नाही. याउलट तामिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात दोन गावांत सामाईक साठवणगृह उभारून शेतकऱ्यांना तेथे स्वतंत्र कप्पे देण्यात आले. विष घराबाहेर ठेवण्याची ही व्यवस्था गावकऱ्यांनी स्वीकारली व तिचे परिणामही उत्साहवर्धक होते. प्रयोग लहान असला तरी ग्रामपंचायतींनी विचारात घ्यावा असा आहे.

गावातील समुपदेशक

विष दूर ठेवल्याने क्षण टळतो; मनावरील भार हलका करण्यासाठी मात्र माणूस लागतो. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अपुरी असल्याने हे काम प्रशिक्षित सामान्य कार्यकर्ते करू शकतील काय, याचा शोध गोव्यात घेण्यात आला. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांच्या चाचणीत स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना दैनंदिन कामांत आणि माणसांत पुन्हा सामावून घेण्यास साहाय्य केले. तीन महिन्यांनी समुपदेशन लाभलेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांचे नैराश्य दूर झाले होते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने हाच विचार पुढे नेला. त्यापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के व्यक्तींनी उपचारासाठी संपर्क साधला होता. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. मागील वर्षभरात मनात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांपर्यंत उतरले.

गावाचे कर्तव्य

या संशोधनाचे सार प्रत्येक घटकाला काही काम नेमून देते. कृषी अधिकाऱ्यांनी कमी विषारी पर्यायांची माहिती बांधापर्यंत न्यावी आणि बंदी असलेल्या मालाच्या विक्रीवर लक्ष ठेवावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. त्यामुळे संरक्षक साधनांचा आग्रहही तितकाच महत्त्वाचा आहे. ग्रामपंचायतीने सामाईक साठवणीचा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना भावना ओळखण्याचे व मदत मागण्याचे शिक्षण द्यावे; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत या कार्याला प्रमुख स्थान आहे.

कोणी अबोल झाला, कामातून मन काढून घेऊ लागला, निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे आपुलकीने विचारल्याने धोका वाढत नाही. उलट मन मोकळे होते. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबतीने न्यावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक शाळा, ग्रामपंचायत आणि कृषी सेवा केंद्र यांच्या दर्शनी भिंतीवर लिहिला जावा. संकटाचा क्षण अल्प असतो. तेवढा वेळ माणसाला सावरून धरणारी व्यवस्था प्रत्येक गावाला आपल्या आवाक्यात उभारता येईल.