खेळ समजून घेताना : भाग ९
आकाशगंगा जिंकल्यावर काय?

अवकाशावरच्या व्हिडिओ गेमची दोन घराणी आहेत. एकात तुम्ही साम्राज्य चालवता, दुसऱ्यात एक माणूस होऊन जगता. पहिले डावपेचांचे खेळ, दुसरे रोल-प्लेइंग, म्हणजे पोरांच्या भाषेत आरपीजी. नांदगाव खंडेश्वरात मोबाइलवर बीजीएमआय आणि फ्री फायर खेळणारी मुलं गल्लोगल्ली सापडतील. अवकाशाचे खेळ खेळणारी मोजकीच. ती अमरावतीला नाहीतर पुण्याला शिकायला असतात, सुटीत लॅपटॉप घेऊन घरी येतात आणि विषय निघाला की तासन्‌तास बोलतात. त्यांच्यातल्या एकानं 'स्टेलारिस' दाखवता दाखवता मला सांगितलं, "काका, जितलो तं आहो, पन गेम काई संपून नाई राह्यला." या घराण्याचं खरं दुखणं त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. आजचा भाग त्याच दुखण्यावर.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीनं 'स्टेलारिस' 2016 साली आणला. खेळ सुरू होतो तेव्हा पडद्यावर वर्ष असतं 2200. तुमच्याकडे एक ग्रह, एक संशोधन जहाज, एक बांधकाम जहाज आणि तीन लहान लढाऊ जहाजं. बाकी सगळा नकाशा काळोखात. संशोधन जहाज शेजारच्या ताऱ्याकडे पाठवायचं, ते एकेक ग्रह तपासत जातं. कुठं खनिज सापडतं, कुठं मेलेल्या संस्कृतीचे अवशेष. मग पहिली वसाहत कुठं करायची, हे ठरवायचं. खनिजं आज जहाजांवर खर्च करायची की कारखान्यांवर, तेही ठरवायचं. मृगाचा पाऊस पडल्यावर सोयाबीन किती, तूर किती, कपाशी किती, याचा निर्णय शेतकरी जितक्या जिवावर उदार होऊन घेतो, तितकंच वजन या पहिल्या तासातल्या प्रत्येक निर्णयाला असतं. एक चुकला की पुढची शंभर वर्षं तो नडतो. हा तास मला आजच्या करमणुकीतल्या उत्तमोत्तम गोष्टींपैकी एक वाटतो, आणि हे मी पुरत्या गांभीर्यानं म्हणतोय.

या प्रकाराला फोर-एक्स असं नाव पडलं ते 1993 मध्ये. 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळाची ओळख करून देताना अ‍ॅलन एमरिक या अमेरिकी लेखकानं ते वापरलं. शोध घ्या, पसरा, साधनसंपत्ती वापरा, शत्रूचा नायनाट करा, अशी ही चार कामं. तीस वर्षांत चित्रं बदलली, आवाज बदलले, पण कामं तीच आहेत आणि त्यांतलं दुखणंही तेच.

ते दुखणं हिशेबातलं आहे. जास्त ग्रह म्हणजे जास्त उत्पादन, जास्त उत्पादन म्हणजे जास्त जहाजं, आणि जास्त जहाजं म्हणजे पुन्हा जास्त ग्रह. एकदा तुम्ही शेजाऱ्यांच्या पुढे गेलात की अंतर आपोआप वाढत जातं. आकाशगंगेचा तिसरा हिस्सा हातात येतो तेव्हा निकाल लागलेला असतो, फक्त तो खेळाला मान्य नसतो. त्याच वेळी कामाचा डोंगर वाढतो. पाच ग्रह असताना प्रत्येकाचं नाव तोंडपाठ असतं. पन्नास झाले की सूचनांची रांग लागते आणि तुम्ही न वाचताच बटणं दाबत सुटता. त्यात संगणकाला साऱ्या आकाशगंगेतल्या लोकसंख्येचा, नोकऱ्यांचा हिशेब ठेवावा लागतो, म्हणून साधा लॅपटॉप तापतो आणि घड्याळ रांगायला लागतं.

बुद्धिबळात ही अडचण नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या पातळीवरचे किती डाव मात होईपर्यंत चालतात? फार थोडे. हरणाऱ्याला चार खेळ्या आधी कळतं आणि तो डाव सोडतो. संगणकातला सम्राट मात्र शेवटच्या ग्रहापर्यंत चिवटपणे बसून राहतो.

खेळ बनवणाऱ्यांना हे कळत नाही, असं नाही. 2003 च्या 'मास्टर ऑफ ओरायन ३'मध्ये त्यांनी ग्रहांचा कारभार संगणकी सुभेदारांवर सोपवला. झालं असं, की खेळणाऱ्याला करण्यासारखं काही उरलंच नाही, आणि खेळ आपटला. 'स्टेलारिस'नं वेगळी वाट धरली. 2400 च्या पुढे कधीतरी एक मोठं संकट आकाशगंगेवर येऊन आदळतं आणि तुमच्या ढेरपोट्या साम्राज्याची परीक्षा घेतं. उपाय चांगला आहे, पण तोवरची मधली शे-दीडशे वर्षं काढायची कशी, हा प्रश्न तसाच राहतो. माझं मत स्पष्ट आहे. ज्या खेळाला आपला निकाल लागल्याचं कळत नाही, त्याची रचना अपुरी आहे, मग चित्रं कितीही देखणी असोत.

आता दुसरं घराणं. कॅनडातल्या बायोवेअरचा 'मास इफेक्ट' 2007 चा. त्यात तुम्ही शेपर्ड नावाचे अधिकारी असता. व्हर्मायर या ग्रहावर दोन सोबती दोन ठिकाणी अडकतात, कायडन आणि अ‍ॅश्ली. वाचवता येतो एकच. ज्याच्याशी तुम्ही जहाजावर इतके दिवस गप्पा मारल्या, त्याला मरणाच्या तोंडी सोडायचं असतं. साम्राज्याच्या खेळात अख्खा ग्रह गेला तरी काही वाटत नाही. इथं एका माणसासाठी हात थबकतो. 2010 च्या दुसऱ्या भागात जुना सेव्ह नेता येतो, मेलेला मेलेलाच राहतो, आणि शेवटच्या मोहिमेत कोण जगेल ते तुम्ही सोबत्यांची कामं किती मनावर घेतलीत आणि कुणाला कुठं नेमलंत, यावर ठरतं.

मग 2012 मध्ये तिसरा भाग आला आणि खेळणारे संतापले. तीन खेळांतले सगळे निर्णय शेवटी तीन पर्यायांत कोंबले होते आणि त्यांची चित्रफीत जवळपास सारखीच, रंग तेवढा वेगळा. कंपनीनं जूनमध्ये फुकट वाढीव शेवट दिला, तरी राग पुरता निवळला नाही. यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक निर्णयाला दोन वाटा धरल्या तर दहा निर्णयांच्या 1024 वाटा होतात. तेवढे प्रसंग लिहिणं, नटांकडून बोलवून घेणं कुणालाच परवडत नाही. म्हणून लेखक फांद्या फुटू देतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एका खोडात आणतात. हे गुपचूप चालतं तोवर जमतं. शेवटाला फांद्या लपवायला जागा राहत नाही.

या घराण्यात सगळी मजा संवादांची, आणि तिथं आपल्या मुलांपुढे आणखी एक भिंत उभी राहते. 'मास इफेक्ट' मराठीत नाही. मराठी माध्यमातून शिकलेलं पोर शेपर्डचं बोलणं अर्धंमुर्धं समजून पुढे जातं. जयंत नारळीकरांनी मराठीत 'प्रेषित' लिहिली, पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020 मध्ये 'राजी' हा खेळ जगाच्या बाजारात नेला. म्हणजे कथाही आपल्याकडे आहे, कारागिरीही आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र याव्यात असं मला मनापासून वाटतं.

अवकाश मोठं दाखवण्याचा मोह दोन्ही घराण्यांना आहे. 1984 च्या 'एलीट'मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी आठ आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रह, इतकं सगळं एका इवल्याशा संगणकात बसवलं. ग्रह साठवलेले नव्हते, आकडेमोडीतून जागच्या जागी तयार होत. त्या काळी ही करामत होती. 2023 च्या 'स्टारफील्ड'मध्ये हजारांहून जास्त ग्रह आहेत, पण वेगवेगळ्या ग्रहांवर तेच संशोधन केंद्र, त्याच खोल्या, त्याच जागी ठेवलेल्या त्याच वस्तू भेटतात. खेळाला सव्वाशे जीबी जागा लागते. रोजचा दोन जीबीचा पॅक वापरणाऱ्याला नुसता उतरवून घ्यायलाच दोन महिने.

समृद्धी महामार्गानं मेहकरला उतरून लोणारला जा. जेमतेम 1.8 किलोमीटर व्यासाचं एकच विवर, पण ते बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघातानं झालेलं, म्हणून चंद्राच्या अभ्यासकांना मोलाचं. आत खारं पाणी, काठावर यादवकालीन देवळं, आणि जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं त्यातले मीठप्रेमी सूक्ष्मजीव शोधले. असं एक विवर मन लावून घडवलं असतं, तर हजार ग्रहांची गरज पडली नसती.

म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी 'एफटीएल' सुचवतो. मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांनी लोकवर्गणीतून केलेला, 2012 चा. आकार दोनशे एमबीच्या आत, जुन्या लॅपटॉपवर चालतो, नेट लागत नाही. एक जहाज, मोजके खलाशी, आणि मागून सतत सरकत येणारं बंडखोरांचं आरमार, त्यामुळं रेंगाळायची सोयच नाही. इंजिनाच्या खोलीत आग लागली की खेळ थांबवा आणि विचार करा: बाहेरचं दार उघडलं तर हवा निघून जाईल, आग विझेल, पण आत दुरुस्ती करणारा गुदमरेल. डावपेच आणि माणूस, दोन्ही त्या एका दारात आहेत. नशिबाचा भाग त्यात जरा जास्तच आहे आणि शेवटचं बंडखोर जहाज नवख्याला हमखास बुडवतं. मात्र एक डाव साधारण दोन तासांत संपतो, जिंका नाहीतर हरा.

पुढच्या भागात शेतीच्या खेळांकडे वळू. आपल्या तालुक्यातल्या वाचकांना त्यावर माझ्याहून जास्त सांगता येईल, तेव्हा जरूर लिहा.