पाचोळ्याखालच्या सापसुरळ्या

सरड्या-पालींच्या गणात सापसुरळ्यांचे कुल फार मोठे आहे. शास्त्रीय परिभाषेत ‘सिन्सिडी’ म्हटल्या जाणाऱ्या या कुलात जगभरातील १,७०० हून अधिक जाती मोडतात, आणि त्यांतील मोठी, तपकिरी पाठीची, गडग्याच्या दगडांवर ऊन खात बसणारी सापसुरळी महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेली असते. अंगाची चकाकी आणि पळताना येणारी नागमोडी लय यांमुळे तिला कुठे ‘सापाची मावशी’ म्हणतात, ती विषारी आहे अशी समजूत बाळगतात आणि दिसताक्षणी ती ठेचतातही; वस्तुतः भारतात आढळणारा एकही सरडा, पाल वा सापसुरळी विषारी नाही. या परिचित जातीपलीकडे जंगलाच्या जमिनीवर राहणाऱ्या, बोटभर लांबीच्या अनेक लहान जाती आहेत. त्या माणसाच्या नजरेस क्वचितच पडतात, आणि त्यांचे जगणे-मरणे झाडाखाली साचलेल्या पाचोळ्याशी बांधलेले असते.

अशा लहान सापसुरळ्यांच्या बाबतीत सह्याद्री संपन्न आहे. दक्षिण सह्याद्रीतील ‘रिस्टेला’ ही प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातील जातींचा गट, जगात अन्यत्र कोठेही नाही; तिच्यातील सापसुरळ्यांना मांजरीसारखी नखे आवरणात ओढून घेता येतात. निळसर शेपटीच्या जाती असलेली ‘केस्टलिया’ ही प्रजातीही सह्याद्रीपुरतीच मर्यादित आहे. गोव्याच्या नावाने ओळखली जाणारी ‘गोएन्सिस’ ही जाती आर. सी. शर्मा यांनी १९७६ मध्ये वर्णिली. विदर्भाचाही या यादीत मान आहे, कारण शिकागोच्या फील्ड म्युझियममधील सरीसृपतज्ज्ञ कार्ल पॅटरसन श्मिट यांनी १९२६ मध्ये ज्या सापसुरळीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ती तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील, आलापल्लीच्या जंगलातून मिळाली होती आणि तिचे नावच ‘आलापल्लेन्सिस’ असे पडले.

पाचोळा आणि सापसुरळी यांचे नाते तिच्या शरीररचनेतच दिसते. छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले खवले आणि त्या प्रत्येकाखाली हाडाची बारीक चकती, अशी तिच्या अंगाची घडण असते. त्यामुळे ओल्या पानांच्या थरांतून वाट काढताना अंगाला घर्षण कमी होते आणि काडी-काट्याने इजाही होत नाही. कित्येक जातींत पाय इतके आखूड झालेले आहेत की धोका जाणवताच ते अंगालगत मिटून घेऊन ती सापासारखी वळवळत पुढे सरकते. काही जातींच्या खालच्या पापणीत पारदर्शक चकती असते, आणि त्यामुळे माती डोळ्यांत जाऊ न देता, डोळे मिटूनही तिला पाहता येते. एवढे करूनही शत्रूच्या तावडीत सापडलीच, तर शेपटीच्या मणक्यांत आधीपासूनच असलेल्या कमकुवत रेषेवर स्नायू आवळून ती शेपूट तोडून टाकते. तुटलेले शेपूट पानांत तडफडत राहते आणि शिकारी त्यात गुंतलेला असताना मालकीण निसटते. शेपूट पुन्हा येते, पण त्यात मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो, आणि शेपटीत साठवलेली चरबी गमावल्याने वाढीसाठी व अंडी घालण्यासाठी लागणारी शिदोरी तिला नव्याने जमवावी लागते.

या थराचे हवामानही वेगळे असते. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसपलीकडे तापतो, तर तेथून हातभर अंतरावर, सावलीतल्या जाड पाचोळ्याखाली माती थंड आणि किंचित ओलसर राहते. सापसुरळीला शरीराची उष्णता स्वतः निर्माण करता येत नाही; ती उन्हाच्या कवडशात येऊन अंग तापवते आणि नको तेव्हा पानांखाली जाऊन ते निववते, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही तिला वीतभर अंतरात हवी असतात. शरीर लहान असल्याने त्यातील पाणीही लवकर उडते. तिच्या अंड्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसून चिवट कागदासारखे असते आणि आतला जीव वाढत असताना ते भोवतालचा ओलावा शोषून घेते. त्यामुळे कुजक्या ओंडक्याखालची जागा कोरडी पडली की अंडी सुरकुततात. वाळवी, कोळी, रातकिडे, भुंग्यांच्या अळ्या हे तिचे अन्नही याच थरात वाढते. एखाद्या जीवाला लागणाऱ्या अशा छोट्या, विशिष्ट परिस्थितीच्या जागेला सूक्ष्म अधिवास म्हणतात.

हा सूक्ष्म अधिवास झाड न तोडताही नष्ट होऊ शकतो, आणि महाराष्ट्रात तो बहुधा तसाच नष्ट होतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पेटणारे बहुतेक वणवे जमिनीलगत धावतात. मोठी झाडे होरपळूनही तगतात, पावसाळ्यात हिरवीही होतात, आणि म्हणून हानी झालीच नाही असे वाटते, परंतु वर्षभराचा पाचोळा तेवढ्यात राख झालेला असतो. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून आग लावतात, आणि कोकण-मावळात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजताना कवळ, शेण आणि जंगलातून गोळा केलेला पातेरा वापरला जातो. ज्यांचे पोट या कामांवर आहे त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाती दुसरा मार्ग देणे हेच खरे काम आहे. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकले जाते, रोपवाटिकाच नसल्याने राबही लागत नाही, आणि त्यामुळे भातशेतीतील ही सुधारणा रानातल्या सापसुरळीच्याही उपयोगी पडणारी आहे. उलट दोडामार्ग परिसरात उतारावरील मिश्र जंगल काढून काजू आणि रबराच्या बागा उभ्या राहतात तेव्हा दुरून हिरवाई कायम दिसते, परंतु साफ ठेवलेल्या बागेत खाली ना ओंडका उरतो ना पानांचा थर.

अर्थात थर शाबूत असला तरी तेवढ्याने भागते असे नाही, आणि हे हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटाने दाखवून दिले आहे. जावाच्या दक्षिणेस असलेल्या या ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील बेटाचा निम्म्याहून अधिक भाग राष्ट्रीय उद्यान असून तेथील वनसापसुरळी १९७०च्या दशकाअखेरीस बेटावर सर्वत्र दिसत असे. जंगल उभेच राहिले आणि ती मात्र वेगाने घटत गेली. पैदाशीसाठी पकडलेल्या मोजक्या माद्यांना नर मिळाला नाही, आणि ‘गम्प’ नावाची अखेरची मादी ३१ मे २०१४ रोजी मरण पावली. या ऱ्हासामागे बाहेरून आलेल्या अनेक जीवांवर संशय आहे, परंतु त्यांतला मुख्य संशयित मराठी वाचकांना अनोळखी वाटणार नाही: घराच्या भिंतीवर पालींमागे फिरणाऱ्या कवड्या सापाचा तो जवळचा नातलग आहे आणि १९८०च्या दशकात मालवाहतुकीतून तो बेटावर पोहोचला. सापाच्या शिकारीची सवय नसलेल्या सापसुरळ्यांना त्याच्यापासून बचाव करता आला नसावा. त्याच बेटावरील निळ्या शेपटीची सापसुरळी वेळीच बंदिवासात आणली गेली, म्हणून ती वाचली, आणि २०१९ मध्ये तिला कोकोस बेटसमूहातील, हा साप नसलेल्या एका छोट्या बेटावर सोडण्यात आले.

वेळीच म्हणजे केव्हा, हे कळण्यासाठी आधी मोजणी हवी, आणि सह्याद्रीतील लहान सापसुरळ्यांच्या बाबतीत नेमकी तीच अवघड आहे. वाघासाठी कॅमेरे लावता येतात. येथे मात्र दोरीने चौकोन आखून चारी बाजूंनी बसावे लागते, कडेपासून मध्याकडे एकेक मूठ पाने हाताने बाजूला करावी लागतात, आणि पानांतून चमकून गेलेली शेपूट कोणत्या जातीची, हे ओळखण्यासाठी खवल्यांच्या रांगा भिंगातून मोजाव्या लागतात. हे चिकाटीचे काम आहे, आणि त्याला व्याघ्रप्रकल्पांच्या तुलनेत नगण्य आधार मिळतो, ही खंत रास्तच आहे.

वाळकी काडीही उचलायची नाही, हा देवराईचा जुना दंडक सापसुरळीच्या दृष्टीने कोणत्याही कायद्याहून नेमका होता. आज अनेक देवराया कागदोपत्री टिकून आहेत, परंतु देवळाच्या जीर्णोद्धारात सभामंडप वाढतो, भोवती फरशी बसते आणि अंगण रोज झाडले जाते. याउलट आलापल्लीतील ‘वनवैभव’ या सुमारे ६ हेक्टरांच्या तुकड्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे जुने सागवान पडले तर जागच्या जागी कुजू दिले जाते, त्याखाली वाळवी लागते, बुरशी धरते, आणि पहिल्या पावसानंतर ओंडक्याखालची माती अंड्यांना पुरेल इतकी ओली होते.