कुणाकडचे पाव्हणे? (पडद्यामागचा संगणक : भाग ९)

बटण दाबल्यापासून पासवर्डची चौकट येईपर्यंत संगणकात काय घडतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्यापुढची दोन मिनिटं. पासवर्ड टाकला, पडदा दिसू लागला, तरी गोल चक्र फिरतच राहतं आणि पंखा घुमायला लागतो. त्या वेळात अनेक प्रोग्रॅम एकामागून एक उठून कामाला लागलेले असतात. त्यातला एकही तुम्ही स्वतः उघडलेला नसतो. त्यातले कामाचे कोणते, नुसते आयतोबा कोणते आणि चोर कोणता, हे ओळखायचं कसं?

हे मी लातूर जिल्ह्यातल्या चाकूरमधल्या सेवा केंद्राच्या टेबलाशी बसून समजून घ्यायला सांगतो, त्याला कारण आहे. घरचा संगणक बिघडला तर आपले फोटो जातील, आपली कागदं जातील. सेवा केंद्राच्या संगणकावर मात्र तालुक्याभरच्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे आणि उत्पन्नाचे दाखले असतात. जुलैत पीक विम्याची मुदत जवळ आली की नळेगावहून, वडवळ नागनाथहून माणसं येऊन रांगेत उभी राहतात. सोयाबीनच्या विम्यासाठी आपलं पासबुक स्कॅनरवर ठेवणारा शेतकरी या मशीनमध्ये आत काय चाललंय, असं विचारत नाही. त्याला ते विचारावं लागू नये, एवढी काळजी मशीनच्या मालकाने घेतलीच पाहिजे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे. विंडोज ८ पासून तो तिथे आहे, त्याआधी यासाठी ‘एमएसकॉन्फिग’ उघडावं लागायचं. समोर नावांची यादी येते आणि तिथेच बहुतेक जण फसतात, कारण ते नावं वाचतात.

माझ्या पाहण्यात नेहमी येणाऱ्या दोन ओळी घेऊ. पहिल्या ओळीचं नाव ‘ई’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतं, मग एक आडवी रेघ, मग अर्थ न लागणारी अक्षरं. बघताक्षणी वाटतं, हाच व्हायरस. दुसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं असतं ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’, आणि प्रकाशकाच्या रकान्यात ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’. ही ओळ बघून माणूस निर्धास्त होतो.

खरं उलटं आहे. पहिली ओळ एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरची. शाई किती उरली, कागद अडकला का, हे सांगणारा तो छोटा प्रोग्रॅम. त्याचा पत्ता पाहिला तर सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल आणि ड्रायव्हर्स, म्हणजे जिथे प्रिंटरचं सामान असायला हवं तिथेच तो आहे. प्रकाशक ‘सेइको एप्सन’. नाव विचित्र, पण माणूस सरळ.

दुसरी ओळ नीट पाहायला एक रकाना वाढवावा लागतो. रकान्यांच्या शीर्षकावर उजवं बटण दाबून ‘कमांड लाइन’ निवडा. आता पूर्ण ओळ दिसते: आधी ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ हा मायक्रोसॉफ्टचा खराखुरा प्रोग्रॅम, आणि त्याच्यापुढे वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या ‘अ‍ॅपडेटा’च्या ‘रोमिंग’मध्ये ठेवलेली, ‘व्हीबीएस’ने संपणारी एक फाइल. डब्ल्यूस्क्रिप्ट स्वतः काहीच वाईट करत नाही. त्याच्या हातात जी चिठ्ठी दिली जाते, ती तो वाचतो आणि तसं वागतो. दुष्टपणा त्या चिठ्ठीत आहे आणि टास्क मॅनेजर नाव दाखवतो चिठ्ठी वाचणाऱ्याचं.

झेरॉक्सच्या दुकानांतून पेनड्राइव्हवाटे पसरणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ नेमका असाच काम करतो. पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात आणि खरे फोल्डर लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डर उघडतो, त्यामुळे शंका येत नाही. पण त्याच क्लिकने ती चिठ्ठी संगणकात उतरते आणि दर वेळी सुरू होण्याच्या यादीत आपलं नाव लिहून टाकते. यातल्या ‘जेनक्सकस’ नावाच्या कुळाविरुद्ध मायक्रोसॉफ्टने जून २०१४ मध्ये थेट न्यायालयामार्फत कारवाई केली होती. तो नुसता फोल्डर लपवत नव्हता, लांबून कुणीतरी त्या संगणकाला हुकूम देऊ शकत होतं. ‘फक्त शॉर्टकट होतात, बाकी काही नाही’ असं म्हणून जो दुकानदार रोज अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह साफ करतो आणि स्वतःचा संगणक पाहत नाही, त्याने हे ध्यानात घ्यावं.

आपल्याकडे गावात अनोळखी माणूस दिसला की त्याला नाव विचारण्याआधी ‘कुणाकडचे पाव्हणे?’ असं विचारतात. यादीतल्या प्रत्येक ओळीला हाच प्रश्न विचारायचा. ती कुठे राहते, तिला कुणी आणलं आणि कशासाठी? ओळीवर उजवं बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ केलं की घर दिसतं. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ किंवा ‘विंडोज’मध्ये राहणाऱ्यावर विश्वास ठेवायला थोडी तरी जागा असते, कारण तिथे लिहायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. ‘टेम्प’मध्ये, ‘डाउनलोड्स’मध्ये किंवा ‘अ‍ॅपडेटा’त राहणाऱ्याची जास्त चौकशी करावी. तिथे राहणारे सगळेच चोर नसतात, वनड्राइव्हही अनेकदा तिथूनच सुरू होतो. पण विंडोजचा म्हणवणारा ‘एसव्हीसीहोस्ट’ तिथे सापडला तर विषय संपला. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्येच राहतो. नावातली दोन अक्षरं इकडची तिकडे केलेले किंवा ‘ओ’च्या जागी शून्य टाकलेले त्याचे तोतयेही असतात, म्हणून अक्षरं सावकाश वाचा.

घरानंतर सही. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान असेल तर ती कुणाची, ते कळतं. प्रकाशकाच्या रकान्यातलं नाव कुणीही लिहू शकतो, सही तशी करता येत नाही. पण सहीवरही आंधळा विश्वास ठेवू नये. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या ‘स्टक्सनेट’ने तैवानच्या रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांची चोरलेली प्रमाणपत्रं वापरून सह्या केल्या होत्या. आपल्या दुकानात कुणी स्टक्सनेट सोडणार नाही, तरी सही आहे म्हणजे सगळं आलबेल, असा ठोकताळा चुकीचा.

आता उलट बाजू. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ म्हणून येणारा ओळखीचा मुलगा या यादीतलं आणि ‘सर्व्हिसेस’मधलंही, म्हणजे पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅममधलंही, दिसेल ते बंद करून टाकतो. संगणक पळायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं मशीन चालत नाही. मंत्रा किंवा मॉर्फोचं ते यंत्र एकटं काम करत नाही. त्याच्या मागे ‘आरडी सर्व्हिस’ सतत चालू असावी लागते. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस, आधारचं काम पाहणाऱ्या यूआयडीएआयकडे नोंद असलेलं यंत्र. बोटाचा ठसा घेतल्या घेतल्या तो सांकेतिक करायचा, त्यावर यंत्राची सही करायची आणि मगच पुढे पाठवायचा, हे तिचं काम. ब्राउझरमधलं पान तिला संगणकाच्या आतल्याच ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या दारांवर शोधतं. हे तपशील माहीत नसलेल्याला हा प्रोग्रॅम हमखास संशयास्पद वाटतो: सतत चालू, दार उघडून बसलेला, बोटांचे ठसे हाताळणारा. तो बंद पडला तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या पेन्शनरला परत पाठवावं लागतं. संशय आणि माहिती दोन्ही हाताशी हवेत.

मराठी टायपिंगचंही असंच. श्रीलिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, मराठी उमटवणारा असा प्रोग्रॅम तुम्ही दाबलेली कळ आधी स्वतः पकडतो, तिचं मराठी अक्षर करतो आणि मग वर्डकडे देतो. कळा चोरणारा कीलॉगर पहिली पायरी अगदी हीच करतो. फरक एवढाच की तो त्या लिहून ठेवतो आणि बाहेर पाठवतो. म्हणून अँटिव्हायरस कधी कधी बिचाऱ्या टायपिंगच्या प्रोग्रॅमवर ओरडतो. मग आपण त्याला ‘याला सोड’ म्हणून सांगतो, आणि तो प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून हातोहात फिरलेला, कुलूप तोडलेला असेल तर त्याच्या आडून काय आत आलं, ते तपासणारं कुणी उरत नाही. ज्याला नवी सुरुवात करायची आहे त्याने विंडोजमधलाच मराठी कीबोर्ड घ्यावा. इनस्क्रिप्ट तर आहेच, आणि मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये उच्चाराप्रमाणे टाइप करायची सोयही आहे. त्यासाठी यादीत वेगळी ओळच लागत नाही.

विंडोज फुकटात ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल तर मला स्पष्ट लिहायचं आहे. तो चालवण्याआधी बहुतेक वेळा डिफेंडर हा विंडोजमधलाच अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि तो स्वतःला ठरावीक वेळी उठणाऱ्या कामांत नोंदवून ठेवतो. पहारेकऱ्याला झोपवून ज्याला आत घेतलं, त्याच्या सभ्यपणाची हमी कोण देणार? लोकांचे आधार क्रमांक ज्या मशीनवर आहेत तिथे हे चालवू नका. आधीच चालवलं असेल तर डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी उघडून पाहा, तिथे अख्खा सी ड्राइव्ह वगळलेला असायचीही शक्यता असते.

संगणक सुरू होतानाच आत शिरण्याचा हा खेळ आपल्याला नवा नाही. १९८६ चा लाहोरचा ‘ब्रेन’, नंतर दर ६ मार्चला डिस्क पुसणारा ‘मायकेलअँजेलो’, हे दोन्ही व्हायरस फ्लॉपीचा किंवा हार्ड डिस्कचा सगळ्यात आधी वाचला जाणारा भाग बळकावून बसत. संगणक सुरू होताना पहिला नंबर आपला, एवढाच त्यांचा डाव. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत हीच दुखणी असायची. संजय यांनी त्यांच्यावर उतारा म्हणून लहान प्रोग्रॅम लिहिले, आणि १९९५ च्या सुमारास त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. सुरू होण्याच्या क्षणावर कोण ताबा मिळवतो, या भांडणातून एक मराठी उद्योग जन्मला.

टास्क मॅनेजरची यादी अपुरी आहे, हेही सांगितलं पाहिजे. सर्व्हिसेस त्यात दिसत नाहीत, आरडी सर्व्हिससुद्धा नाही. ठरावीक वेळी उठणारी कामं ‘टास्क शेड्युलर’मध्ये असतात. सगळं एकत्र पाहायचं तर ‘ऑटोरन्स’ घ्या. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी ते केलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी घेतली, आणि ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं. दुसरीकडून उतरवू नका. त्यात सही न पटलेल्या ओळी गुलाबी दिसतात आणि ज्यांची फाइलच जागेवर नाही त्या पिवळ्या. गुलाबी दिसली म्हणून पुसू नका, आधी समोरची खूण काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. काम अडलं तर खूण परत लावता येते. पुसलेली ओळ परत आणताना नाकी नऊ येतात. खूण काढूनही ती ओळ पुन्हा हजर झाली तर समजावं की तिला परत उभं करणारा दुसरा कुणीतरी आत आहे.

अशा वेळी विंडोज चालू असताना झटापट करण्यात अर्थ नाही. डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो संगणक पुन्हा सुरू करून, नेहमीचं विंडोज उठायच्या आत तपासणी करतो, त्यामुळे यादीतल्या चोराला उठायची संधीच मिळत नाही. भारत सरकारच्या सर्ट-इनने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वरही सफाईची साधनं मोफत आहेत. पासवर्ड बदलायचे ते मात्र दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन.

या आठवड्यात एक काम करा. संगणक नीट चालत असतानाच स्टार्टअपच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढा, कमांड लाइनच्या रकान्यासकट. प्रत्येक ओळीपुढे ती कशाची, ते वहीत लिहा: प्रिंटर, टायपिंग, अँटिव्हायरस. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, तिच्यापासून चौकशीला सुरुवात करा. पुढच्या भागात ब्राउझरला चिकटणारी एक्स्टेन्शन्स पाहू. ती या यादीत कुठेच दिसत नाहीत.