पावरबोट रेसिंग स्वस्तात? इंजिनं चिठ्ठ्या टाकून वाटली तर!

ज्यांचं लोकलमध्ये नेट जातं, किंवा ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलतानाचे 'हां', 'तर', 'म्हणजे कसं' बरेचसे काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.

आजचा विषय पावरबोट रेसिंग. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पावरबोटची शर्यत झाली होती, आठवतंय? २८ फुटी बोटी, मागे २५० हॉर्सपॉवरचं इंजिन, आत दोघंजण, आणि कठड्यावर मोबाईल वर करून उभे असलेले मुंबईकर. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, आंध्रातल्या अमरावतीला कृष्णा नदीत एफ-वन एच-टू-ओ, म्हणजे पाण्यावरची फॉर्म्युला वन झाली. दोन्ही वेळा व्हिडिओ भरपूर फिरले. पण बघता बघता एखाद्या पोराच्या मनात आलं असेल की आपणही हे करावं, तर त्यानं सुरुवात कुठून करायची?

क्रिकेटला गल्ली आहे, टेनिस बॉल आहे. कार रेसिंग महाग आहे, पण तिथंही गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर पैसे भरून दहा मिनिटं गाडी हाणता येते. बोटीत मात्र पहिली पायरी दिसतच नाही, थेट चौथा मजलाच दिसतो. ही पहिली पायरी बांधायची कशी, ते आज बघू. जगात काही ठिकाणी ती बांधलेली आहे, आणि ज्या युक्तीनं बांधली ती मला फार आवडते.

आधी एक जुना किस्सा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मोटरबोट रेसिंग होतं. खरंच होतं! साउदॅम्प्टनजवळच्या पाण्यात तीन शर्यती झाल्या आणि तिन्हींमध्ये शेवटपर्यंत पोहोचली फक्त एकेक बोट. हवा खराब होती, काही बोटी बंद पडल्या, काहींनी माघार घेतली. पण मुळात बोटीच मूठभर होत्या, कारण तेव्हा अशी बोट असणं म्हणजे घरी मोठी इस्टेट असणं. दोन बोटींतली एक अडकली की शर्यत संपली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ परत आला नाही. खेळाडू कमी असले की खेळ पोकळ होतो, मग इंजिन कितीही मोठं असो.

आता गंमत बघा. त्या शर्यतींतल्या विजेत्या बोटींचा वेग होता ताशी ३० किलोमीटरच्या आतबाहेर. आज १५ हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेली, प्लायवूडची, शाळकरी पोरांची रेसिंग बोट त्याहून जोरात पळते. कसं काय? जड बोट पाणी कापत, ढकलत जाते, आणि जितका वेग वाढवावा तितका पाण्याचा विरोध वाढतो. हलकी, सपाट तळाची बोट एका वेगानंतर पाण्यावर उचलली जाते आणि वरच्यावर घसरत जाते. याला प्लेनिंग म्हणतात. तळ्यात चपटा दगड फेकून भाकऱ्या काढल्यात ना? साधारण तसंच. म्हणजे वेगाची मजा घ्यायला मोठं इंजिन लागतंच असं नाही. बोट आणि माणूस, दोघंही हलके पाहिजेत.

मग खेळ स्वस्त व्हायला अडचण काय? लहान बोट, लहान इंजिन, झालं की! इथंच खरी मेख आहे. खर्च बोट घेताना होतो त्यापेक्षा शेजारच्याला हरवण्याच्या नादात जास्त होतो.

समजा दहा जणांनी सारख्याच बोटी घेतल्या. पहिल्या शर्यतीनंतर हरलेला एक जण इंजिन खोलून आतून घासून आणतो. पुढच्या वेळी तो जिंकतो. मग बाकीचे नऊही तेच करतात. दहाही जणांचा खिसा हलका झाला आणि नंबर पुन्हा होते तसेच! मग कुणीतरी प्रोपेलरकडे वळतो. प्रोपेलर म्हणजे मागचा पंखा. त्याच्या पात्याचा बाक थोडा बदलला, कड घासली, की बोटीचा स्वभाव बदलतो. एक पंखा सुटायला जोरदार, दुसरा सरळ रेषेत वेगवान, तिसरा लाटांच्या दिवशी बरा. असे पाच-सहा पंखे जवळ असलेला माणूस आणि एकच पंखा असलेला माणूस एका रेषेवर उभे असले, तरी शर्यत बरोबरीची राहत नाही. दोन-तीन मोसमांत कमी पैशावाले गुपचूप घरी बसतात.

म्हणून स्वस्त वर्ग तयार करायचा तर स्वस्त बोट शोधणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे जास्त पैसे घालून काही फायदाच होणार नाही, असे नियम लिहिणं.

अमेरिकेत पावरबोट रेसिंगची संघटना १९०३ पासून आहे. तिच्याकडे ९ ते १५ वयाच्या मुलांसाठी 'जे' नावाचा वर्ग आहे. इंजिन दुकानात मिळतं तसंच, वर त्यात रेस्ट्रिक्टर, म्हणजे हवा-इंधनाची वाट मुद्दाम अरुंद करणारी चकती. इंजिनात कारागिरी करायला बंदी, आणि शर्यतीनंतर तपासणी. शिवाय बोट आणि मुलगा मिळून किमान वजन ठरलेलं, त्यामुळे बारक्या पोराला फुकटचा फायदा नाही. जागतिक संघटना यूआयएम, जी १९२२ मध्ये स्थापन झाली, तिच्याकडे मुलांसाठी जीटी-१५ आहे : १५ हॉर्सपॉवर, साधा तळ. पुढची पायरी जीटी-३०, नावाप्रमाणे ३० हॉर्सपॉवर. बाल्टिक देशांत पोरं यातूनच वर येतात.

पण सगळ्यात भारी डोकं चाललं ते जपानचं. तिकडे क्योतेई नावाचा प्रकार आहे. १९५२ साली नागासाकी प्रांतात ओमुराला पहिली शर्यत झाली, आणि आज देशभर २४ स्टेडियम आहेत. सहा बोटी, तीन फेऱ्या, वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. लोक यावर कायदेशीर पैसे लावतात. म्हणजे हा धंदेवाईक खेळ आहे, नवशिक्यांचा वर्ग नाही. पण त्यांची व्यवस्था बघा : बोट आणि इंजिन खेळाडूचं नसतंच, स्टेडियमचं असतं. स्पर्धा सुरू होण्याआधी चिठ्ठ्या निघतात, आणि ज्याच्या वाट्याला जे इंजिन येईल ते त्यानं चालवायचं. यामाटो कंपनीची जवळपास ४०० सीसीची, एकाच साच्यातली ही इंजिनं. तरीही एखादं जरा उजवं निघतं, एखादं रडकं. यावेळी तुम्हाला रडकं आलं, पुढच्या वेळी दुसऱ्याला येईल. मग स्वतःच्या पैशानं महागडं इंजिन आणायचा प्रश्नच येत नाही.

आणि तरीही एक फट राहिली होती! प्रोपेलर. बरीच वर्षं खेळाडू स्वतःचे प्रोपेलर घेऊन यायचे आणि हातोडीनं ठोकून ठोकून त्यांना आकार द्यायचे. शेवटी २०१२ मध्ये नियम बदलला आणि प्रोपेलरही स्टेडियमचा झाला. आता तो इंजिनासोबतच मिळतो. ठोकायची मुभा अजून आहे, पण जो मिळाला तोच ठोकायचा. ही साठ वर्षांनी बुजवलेली फट मला महत्त्वाची वाटते. पैशाला जिथं जागा मिळेल तिथून तो शिरतो. नियम लिहिणाऱ्यानं दरवर्षी टॉर्च घेऊन भोकं शोधायला हवीत.

जाता जाता : याच यामाटो इंजिनांवर अमेरिकेत 'सी स्टॉक' हा अख्खा वर्ग चालतो. एकाच्या शिस्तीवर दुसऱ्याचा छंद, असं म्हणा हवं तर.

बोटीचं काय? ती घरी बनवता येते. अमेरिकेत मेरीलँडकडे 'कॉकटेल क्लास' नावाचा प्रकार आहे. १९३९ मध्ये चार्ल्स मॅकग्रेगर यांनी काढलेल्या स्कुआ नावाच्या आराखड्यावरून ८ फुटी बोट बनवतात, प्लायवूड आणि इपॉक्सी वापरून, गॅरेजमध्ये. मागे ६ हॉर्सपॉवरचं इंजिन. दिसायला खेळणंच, पण पाण्याच्या इतकं जवळ बसल्यावर कमी वेगही अंगावर येतो. ऑस्ट्रेलियात रेनमार्कला मासेमारीच्या ॲल्युमिनियमच्या होड्या घेऊन मरे नदीच्या अरुंद ओढ्यांतून शर्यत लावतात, १९८१ पासून. होडी घरचीच, आठवडाभर मासे आणि एक दिवस रेस.

आता जे स्वस्त होत नाही ते. रेस्क्यू बोट, पाण्यात उडी मारू शकणारे प्रशिक्षित लोक, काठावर डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स, मोकळं पाणी आणि त्याची परवानगी. २५० हॉर्सपॉवर असो की १५, हे लागतंच. लहान उघड्या बोटीतून माणूस बाहेर फेकला जातो, हा धोका गृहीत धरूनच वर्ग आखलेला असतो. म्हणून मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली किल-कॉर्ड सक्तीची. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. सोबत हेल्मेट, तरंगतं जॅकेट, आणि प्रोपेलर लागला तर जखम रोखेल असे कपडे. यात 'परवडणारं' बघायचं नाही. वाचवायचं ते इंजिनावर वाचवा.

ही न कमी होणारी रक्कम किती जणांत वाटली जाते, त्यावर सगळं ठरतं. जरा हिशेब करू. एका क्लबनं सहा सारख्या बोटी आणि सहा इंजिनं घेतली. मुलं २४. प्रत्येकाला दिवसात तीन वेळा पाण्यात जायचंय. म्हणजे ७२ फेरे, एका वेळी सहा बोटी, म्हणजे १२ हीट. शर्यत, परत येणं, मुलं बदलणं, पेट्रोल, असं धरून एका हीटला १५ मिनिटं दिली तर तीन तासांत काम फत्ते. त्याच रेस्क्यू बोटीचा, त्याच डॉक्टरचा खर्च सहा बोटमालकांऐवजी २४ घरांत वाटला गेला. कुणालाही बोट विकत घ्यायची नाही, ट्रेलर नको, ठेवायला जागा नको. हेल्मेटसुद्धा सुरुवातीला क्लबचं चालेल, नीट बसलं म्हणजे झालं.

यात एक जण हमखास नाराज होतो, ते म्हणजे इंजिन खोलायची हौस असलेलं पोर. त्याची हौसही खरी आहे, मोटरस्पोर्टचा अर्धा जीव तिथंच असतो. त्याच्यासाठी पुढचा वर्ग ठेवावा, जिथं मर्यादेत राहून फेरफार करता येतील. पहिल्या वर्गात मात्र सील तोडायचं नाही. पंखा क्लबचा, इंजिनाला सील, आणि सकाळी डब्यातून चिठ्ठी काढायची. मग ज्याच्या बाबांचा बंगला आहे तो आणि ज्याचे बाबा रिक्षा चालवतात तो, दोघंही तेच म्हणणार : "च्यायला, आज मला चार नंबरचं रडकं इंजिन आलं."