कणांचा झोत सरळ का जात नाही?

रात्री शेतात विजेरी पेटवली की प्रकाशाचा झोत सरळ समोरच्या झाडावर पडतो. अणूतल्या कणांचा झोत असा सोडता आला तर शत्रूचे क्षेपणास्त्र अवकाशातच निकामी करता येईल, ही आशा अमेरिकेत रोनाल्ड रेगन यांच्या १९८३ मधल्या भाषणानंतर बळावली. वर्तमानपत्रांनी त्या योजनेला ‘स्टार वॉर्स’ म्हटले.

हवेला मात्र हे मानवत नाही. दहा लाख व्होल्टचा रेटा देऊन सोडलेला प्रोटॉन जमिनीलगतच्या हवेत जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर जातो. वाटेत भेटणाऱ्या अणूंना थोडी थोडी ऊर्जा देत तो थकून थांबतो. दोनशे किलोमीटर उंचीवर हवा अब्जाहून अधिक पटींनी विरळ. तिथे अडवणारे फारसे कोणी नाही. पण पृथ्वीचे चुंबकत्व तिथेही असतेच. प्रोटॉनवर विद्युतभार असतो, म्हणून ते त्याला वळवते. हाच प्रोटॉन तिथे सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येचा फेरा घेतो. नेम धरायचा शेकडो किलोमीटरवर, आणि झोत गिरक्या घेतोय!

उपाय एकच, कण उदासीन हवा. (हा शब्द आम्हा कवींचा, विज्ञानात त्याचा अर्थ ‘विद्युतभार नसलेला’ एवढाच.) पण उदासीन अणूला विजेने ढकलता येत नाही. मग युक्ती अशी : हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवायचा, त्या भाराच्या जोरावर वेग द्यायचा, आणि शेवटी विरळ वायूतून नेऊन तो जादा इलेक्ट्रॉन झाडून टाकायचा. मग चुंबकत्वाची पकड सुटते.

१३ जुलै १९८९ रोजी न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथून लॉस अलामोस प्रयोगशाळेचे असे यंत्र अग्निबाणाने सुमारे दोनशे किलोमीटर उंच गेले. झोत अपेक्षेप्रमाणे निघाला आणि यंत्र परत जमिनीवर मिळाले.

शस्त्र मात्र झाले नाही. त्यासाठी शंभराहून अधिक पट ऊर्जा लागली असती. शिवाय हा झोत खालच्या दाट हवेत शिरला, की टकरीत अणूचा उरलेला इलेक्ट्रॉनही गळतो, तो पुन्हा भारित होतो आणि वळतो. म्हणजे हवेच्या गोधडीखालच्या क्षेपणास्त्राला धक्का नाही. मला तरी हे ऐकून बरे वाटले. २०१९ मध्ये पेंटॅगॉनने ही कल्पना पुन्हा काढली आणि त्याच वर्षी बाजूला ठेवली. १९८९ चे ते यंत्र आता अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाकडे आहे.