दीड सेकंदाचा हिशेब : डायव्हिंगचे गुण कसे ठरतात आणि भारत मागे का पडला

बंगळुरू : देशातील जलतरणाची राजधानी असा बंगळुरूचा लौकिक आहे. ऑलिम्पिकची 'अ' दर्जाची पात्रता गाठणारा श्रीहरी नटराज याच शहरातला. २०२१ ची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा बसवनगुडीच्या तलावात झाली. त्याआधी दोन वर्षे, २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस, आशियाई वयोगट अजिंक्यपद स्पर्धेचे यजमानपदही याच शहराकडे होते. त्या स्पर्धेत शर्यती झाल्या त्या शहराच्या उत्तरेकडील पदुकोण-द्रविड क्रीडा केंद्रात. डायव्हिंगची स्पर्धा मात्र तेथून दूर, हलसूर भागातील केन्सिंग्टन तलावावर घेण्यात आली. एका स्पर्धेसाठी दोन ठिकाणे, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण भारतात जलतरण आणि डायव्हिंग यांच्या वाटा कशा आणि किती वेगळ्या झाल्या आहेत, हे समजून घेण्यास तेथून सुरुवात करता येते.

दोन्ही खेळांचे माध्यम पाणी असले, तरी त्यांच्या गरजा निराळ्या आहेत. शर्यतीच्या तलावाला दोन-तीन मीटर खोली पुरते. दहा मीटर उंचीच्या प्लॅटफॉर्मखाली सुमारे पाच मीटर खोल पाणी लागते आणि तेही केवळ फळीच्या टोकाखाली नव्हे, तर पुढे व दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत. वर छत असेल तर त्याची उंचीही नियमात बसावी लागते. त्यामुळे डायव्हिंगचा तलाव बांधणे म्हणजे जलतरण तलावाच्या एका टोकाला फळी बसवणे नव्हे. गावाकडच्या विहिरीत सूर मारणाऱ्या वा मुटका टाकणाऱ्या मुलांची महाराष्ट्रात वा कर्नाटकात कधीच वाण नव्हती. धाडस होतेच; नव्हती ती या धाडसाला शिस्त लावणारी जागा.

ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे डायव्हिंग १९०४ पासून आणि महिलांचे १९१२ पासून आहे. दोन खेळाडूंनी एकाच वेळी मारावयाच्या उड्यांचा, म्हणजे सिंक्रोनाइज्ड डायव्हिंगचा, समावेश २००० मध्ये सिडनीत झाला. सध्या ऑलिम्पिकमध्ये तीन मीटर स्प्रिंगबोर्ड आणि दहा मीटर प्लॅटफॉर्म यांच्या वैयक्तिक व जोडीच्या मिळून आठ स्पर्धा होतात. आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या जोडीला एक मीटर स्प्रिंगबोर्डही असतो, म्हणून २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या स्पर्धेत सुवर्णपदके दहा होती. ती दहाही चीनने जिंकली. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आठपैकी आठ सुवर्णपदके जिंकून चीनने प्रथमच संपूर्ण ऑलिम्पिक कार्यक्रमावर नाव कोरले.

स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म या दोहोंत फरक केवळ उंचीचा नाही. प्लॅटफॉर्म ताठ आणि स्थिर असतो. तेथे उंचीच खेळाडूला वेळ मिळवून देते. स्प्रिंगबोर्ड ही सुमारे पाच मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशी अॅल्युमिनियमची लवचिक फळी. तिच्याखालील टेकू चाकाने पुढेमागे करता येतो आणि प्रत्येक खेळाडू आपल्या वजनानुसार, आपल्या लयीनुसार तो बसवून घेतो. टोकाकडे जाताना पावलांची लय फळीच्या लयीशी जुळली, तर फळी त्याला उंच फेकते. जुळली नाही, तर पायातील सारी ताकद वाया जाते. म्हणूनच जाणकार प्रेक्षक खेळाडू हवेत जाण्याआधी त्याच्या पावलांकडे पाहतात.

प्लॅटफॉर्मवरून नुसते खाली सोडलेल्या वस्तूस दहा मीटर अंतर कापण्यास १.४ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. उडीची उंची धरली तर खेळाडूच्या हाती जेमतेम दीड-पावणेदोन सेकंद असतात आणि पाण्याशी गाठ पडते तेव्हा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. एवढ्या अवधीत साडेतीन-चार कोलांट्या आणि त्यांच्या जोडीला अंगाचे पिळे बसवायचे असतात. हवेत गेल्यावर कोलांटीसाठी नवी गती कोठूनही मिळत नाही. फळी सोडताना जी गती घेतली, तीच पुरवून वापरावी लागते. गुडघे छातीशी घेतले की शरीर वेगाने फिरते, अंग ताणले की फिरणे मंदावते. पिळा घेण्यासाठी एक हात वर आणि दुसरा खाली नेऊन शरीर किंचित तिरके केले जाते, मग फिरण्यातूनच पिळा निर्माण होतो. पाण्याचा पृष्ठभाग स्पष्ट दिसावा म्हणून त्यावर सतत फवारे सोडलेले असतात. निश्चल, आरशासारखे पाणी हे डायव्हरसाठी धोक्याचे असते. अंग केव्हा उघडायचे याचा अंदाज त्यामुळे चुकतो.

दूरचित्रवाणीवर पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे '१०७बी' यासारखे क्रमांक सर्वसामान्य प्रेक्षकाला कोड्यात टाकतात. त्यामागील पद्धत मात्र सोपी आहे. उड्यांचे सहा गट आहेत : पुढे तोंड करून पुढे, पाठ करून मागे, पुढे तोंड करून मागच्या दिशेने फिरणे, पाठ करून फळीच्या दिशेने फिरणे, पिळ्याच्या उड्या, आणि केवळ प्लॅटफॉर्मवरून हातांवर उभे राहून मारावयाच्या उड्या. क्रमांकातील पहिला आकडा गट सांगतो. पहिल्या चार गटांत तिसरा आकडा अर्ध्या कोलांट्यांची संख्या दाखवतो; म्हणजे सात म्हणजे साडेतीन कोलांट्या. शेवटचे अक्षर शरीराची स्थिती दर्शवते : 'ए' म्हणजे ताठ, 'बी' म्हणजे गुडघे सरळ ठेवून कमरेत वाकलेले, 'सी' म्हणजे गुडघे पोटाशी घेतलेले, 'डी' म्हणजे पिळ्याच्या उड्यांतील मुक्त स्थिती. या हिशेबाने १०७बी म्हणजे पुढच्या दिशेने, कमरेत वाकून मारलेल्या साडेतीन कोलांट्या. पिळ्याच्या उड्यांना चार आकडे असतात आणि चौथा आकडा अर्ध्या पिळ्यांचा असतो.

प्रत्येक उडीला काठिण्यांक ठरवून दिलेला असतो. तीन मीटर फळीवरून १०७बीचा काठिण्यांक ३.१ आहे, तर एक कोलांटी कमी असलेल्या १०५बीचा २.४. वैयक्तिक स्पर्धेत सात पंच शून्य ते दहा यांदरम्यान अर्ध्या गुणाच्या टप्प्याने गुण देतात. सर्वाधिक दोन आणि सर्वांत कमी दोन गुण वगळले जातात, उरलेल्या तिघांची बेरीज काठिण्यांकाने गुणली जाते. समजा, १०७बीसाठी ७, ७.५, ७.५, ८, ८, ८ आणि ८.५ असे गुण मिळाले. वरचे दोन आणि खालचे दोन गाळल्यावर ७.५, ८ आणि ८ उरतात; बेरीज २३.५, आणि ३.१ ने गुणल्यावर ७२.८५ गुण. आता दुसऱ्या खेळाडूने सोपी १०५बी निवडली, ती देखणी मारली आणि मधल्या तिन्ही पंचांनी ८.५ गुण दिले, असे समजू. त्याचे गुण होतात ६१.२. किंबहुना अवघड उडीला तिघांनी केवळ सात-सात गुण दिले तरी ६५.१ गुण मिळतात. सफाईदार पण सोप्या उड्यांच्या बळावर आंतरराष्ट्रीय अंतिम फेरीत टिकता का येत नाही, याचे उत्तर या गुणाकारात आहे. अर्थात अवघड उडी फसली आणि पाच-पाच गुणांवर घसरली, तर हातात ४६.५ च उरतात.

पुरुषांना सहा आणि महिलांना पाच उड्या माराव्या लागतात. उड्यांची यादी आधीच लिहून द्यावी लागते आणि दिलेल्या मुदतीनंतर ती बदलता येत नाही. यादीत लिहिली एक आणि मारली दुसरी, तर ती उडी बाद होऊन शून्य गुण मिळतात. सुरुवात करून थबकले, पुन्हा आरंभ केला, तर प्रत्येक पंचाच्या गुणांतून दोन गुण वजा होतात. जोडीच्या स्पर्धेत अकरा पंच असतात. त्यांतील सहा जण दोघांच्या उड्या स्वतंत्रपणे पाहतात आणि पाच जण केवळ दोघांचा मेळ. पंच नेमके पाहतात तरी काय? पावले, उड्डाणाची उंची, फळीपासूनचे अंतर, हवेतील आकृती आणि शेवटी पाण्यातील प्रवेश. प्रेक्षकांच्या लक्षात मुख्यतः शेवटचीच गोष्ट राहते. हात एकमेकांत अडकवून तळवे पाण्याकडे सपाट धरले की पाण्यात पोकळी निर्माण होते, शरीर तिच्यात शिरते आणि कापड फाटावे तसा आवाज होऊन शिंतोडे जवळजवळ उडतच नाहीत. १४ वर्षांच्या चीनच्या छुआन होंगछान हिने टोकियो ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर प्लॅटफॉर्मवर ४६६.२० गुण मिळवले, तेव्हा जगभर गाजली ती हीच नीरव डुबकी.

अशा डुबकीमागे पाण्याबाहेरचे काम असते. अव्वल देशांतील डायव्हर दिवसाचा मोठा भाग कोरड्या व्यायामशाळेत घालवतात : ट्रॅम्पोलिन, दोरीला अडकवलेला कमरपट्टा, स्पंजने भरलेला खड्डा, कोरडी फळी. नवी उडी शिकताना पाण्याखालून हवेचे बुडबुडे सोडून पृष्ठभाग मऊ करतात, म्हणजे चुकीच्या पडण्याचा मार सौम्य होतो. यातले काहीच नसेल तर खेळाडूला प्रत्येक चुकीची किंमत पाठीवर आणि पोटावर मोजावी लागते. मनगट, खांदे आणि कंबर या खेळात सर्वाधिक झिजतात. १९८८ मध्ये सेऊल येथे अमेरिकेच्या ग्रेग लुगानिसचे डोके प्राथमिक फेरीत फळीवर आपटले होते. टाके घालून तो परतला आणि त्याने सुवर्णपदक जिंकले. ती कथा धैर्याची म्हणून सांगितली जाते. पालक मात्र तिचा पूर्वार्धच लक्षात ठेवतात आणि त्यात त्यांचे काही चुकते असे म्हणता येत नाही.

भारताचे या खेळातील यश सुरुवातीलाच आले, ही या प्रकरणातील विचित्र बाब. १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, दिल्लीत, भारताने १५ सुवर्णपदके जिंकली. त्यांतील दोन डायव्हिंगची होती आणि स्प्रिंगबोर्ड व प्लॅटफॉर्म या दोन्ही प्रकारांत ती एकाच खेळाडूने, के. पी. ठक्कर यांनी, पटकावली. त्याच स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकणाऱ्या सचिन नाग यांचे नाव आजही क्वचित ऐकू येते. ठक्कर यांचे तेवढेही नाही. त्यानंतर या खेळात भारताला आशियाई सुवर्ण मिळालेले नाही. चीन या स्पर्धेत उतरला तो १९७४ मध्ये. म्हणजे मधल्या दोन दशकांचा दोष चीनवर टाकता येत नाही.

आज भारतीय डायव्हिंगचा भार मुख्यतः सेनादल आणि रेल्वे यांच्यावर आहे. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटने २००१ पासून ज्या मोजक्या खेळांवर लक्ष केंद्रित केले, त्यांत डायव्हिंग आहे. सिद्धार्थ परदेशी हा जकार्ता येथील २०१८ च्या आणि हांगझोऊ येथील स्पर्धांत खेळला. जकार्तात त्याच्यासोबत रामानंद शर्मा होता, हांगझोऊत मणिपूरचा लंडन सिंग हेमम. पदक कोणाच्याच हाती लागले नाही. महिलांमध्ये सोलापूरची ऋतिका श्रीराम हिने राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्राला पदके मिळवून दिली आहेत. म्हणजे गुणवत्ता येते ती महानगरांतील उंची क्लबांतूनच नव्हे. बंगळुरूने जलतरणात जे केले ते खासगी प्रशिक्षण केंद्रे, शुल्क भरू शकणारे पालक आणि पहाटेच्या सरावाची शिस्त यांच्या बळावर. डायव्हिंगला ते सूत्र लागू पडत नाही : एका फळीवर एका वेळी एकच मूल, त्यामुळे शुल्काच्या उत्पन्नावर खोल तलाव चालवणे कोणत्याही खासगी संस्थेला परवडणारे नाही. येथे सरकार, महापालिका वा सेनादल यांच्यावाचून गत्यंतर नाही.

मलेशियाचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. त्या देशाने चिनी प्रशिक्षक नेमले, थोडी मुले निवडली आणि त्यांना वर्षानुवर्षे सांभाळले. पंडेलेला रिनोंग हिने २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या दहा मीटर प्लॅटफॉर्मवर कांस्यपदक जिंकले. २०१६ मध्ये रिओत तिने आणि चाँग जुन हूँगने जोडीत रौप्यपदक मिळवले आणि २०१७ मध्ये चाँग जगज्जेती झाली. मलेशियाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

भारतासमोरील वेळापत्रक आता ठरलेले आहे. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेतील डायव्हिंग टोकियोच्या तलावावर नियोजित आहे. त्याच वर्षीच्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेने खर्च आवरण्यासाठी खेळांची संख्या दहावर आणली आणि त्यात डायव्हिंग वगळले. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला मिळाले. तेव्हा जाहीर झालेल्या निश्चित खेळांच्या यादीत जलतरण होते. डायव्हिंग विचाराधीन खेळांमध्ये होते. यजमान या नात्याने भारताने त्यासाठी आग्रह धरायचा की नाही, हा प्रश्न क्रीडा प्रशासनापुढे आहे. २०१० मध्ये दिल्लीत तालकटोऱ्याच्या तलावावर हाच खेळ झाला. तेथे कॅनडाच्या अलेक्झांड्र देस्पातीने तीन आणि ब्रिटनच्या टॉम डेलीने, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडसाठी दोन सुवर्णपदके जिंकली. भारतीय प्रेक्षकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

डायव्हर घडण्यास आठ-दहा वर्षे लागतात. २०३० मध्ये फळीवर उभे राहू शकेल असे मूल आज कोठेतरी शाळेत आहे आणि त्याला पहिली कोलांटी शिकवणारा माणूस त्याला याच एक-दोन वर्षांत भेटायला हवा.