जिल्ह्याच्या सरासरीत मोखाडा कुठे आहे?

देशभर घेतलेल्या मोठ्या पाहणीतून एखाद्या तालुक्याचे, शहराच्या प्रभागाचे किंवा गावांच्या गटाचे आरोग्य आणि गरिबी यांचा अंदाज बांधणे हे संख्याशास्त्रातले एक स्वतंत्र काम आहे. त्याला लघुक्षेत्र अनुमान म्हणतात. त्याची गरज किती आहे हे पालघर जिल्ह्यात स्पष्ट दिसते.

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. 2011च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या 29,90,116 होती. त्यातले 13,43,402 लोक एकट्या वसई तालुक्यातले, तर मोखाड्यातले अवघे 83,453. मोखाडा, जव्हार, विक्रमगड आणि तलासरीत दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. वसई-विरार मात्र मुंबईच्या लोकलने जोडलेले महानगर झाले आहे. साहजिकच जिल्ह्याच्या कोणत्याही सरासरीवर वसईची छाप पडते. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तो भाग जिल्ह्याच्या एका टक्केवारीत शोधूनही सापडत नाही.

आरोग्याचे आकडे प्रामुख्याने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून मिळतात. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही पाहणी करते. 2015-16च्या चौथ्या फेरीत 2011च्या जनगणनेतले 640 जिल्हे धरले होते, त्यामुळे पालघर ठाण्यातच मोजला गेला. 2019-21च्या पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतली 6,36,699 कुटुंबे आली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900.

ही 900 कुटुंबे पालघरच्या तालुक्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली, तर वसईच्या वाट्याला सुमारे 404 येतात आणि मोखाड्याच्या वाट्याला 25. या पाहणीत निवडलेल्या एका गावातून किंवा वस्तीतून 22 कुटुंबे घेतात. याचा अर्थ, सगळ्या मोखाडा तालुक्याच्या वतीने जेमतेम एखादे गाव बोलते. या 25 घरांत मोजण्याजोगी 25 मुले सापडली आणि त्यातली 40 टक्के वाढ खुंटलेली निघाली असे धरू. तरी खरा आकडा 21 ते 59 टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एवढ्या रुंद अंदाजावर कोणतेही नियोजन उभे राहत नाही.

थोडक्या नमुन्यातून मोठ्या भागाचा विश्वासार्ह अंदाज काढण्याचे शास्त्र भारतात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रगण्य होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेल्या सुखात्म्यांनी 1940च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीककापणीच्या नमुना पाहण्यांना शिस्त लावली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी जगाच्या उपासमारीचे मोजमाप केले. नमुना अगदीच तोकडा असेल तर काय करायचे, या पुढच्या प्रश्नाला 1979 साली अमेरिकेच्या जनगणना विभागातल्या रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी उत्तर दिले. हजाराहून कमी वस्तीच्या गावांचे उत्पन्न त्यांना काढायचे होते. मुंबई विद्यापीठात शिकून पुढे कॅनडात स्थायिक झालेले जे. एन. के. राव यांनी आयुष्यभर या विषयावर काम केले. त्यांचा 2003चा ग्रंथ या शाखेत प्रमाण मानला जातो.

या पद्धतीत दोन आकडे एकत्र आणतात. पहिला पाहणीतून थेट मिळालेला. दुसरा इतर माहितीवरून बांधलेला: जनगणनेतली घरे, पाणी, शौचालये, साक्षरता, दवाखान्याचे अंतर. अशा गोष्टींचा कुपोषणाशी किंवा गरिबीशी काय संबंध आहे, हे अनेक तालुक्यांवरून ठरवायचे आणि तो संबंध मोखाड्याला लावायचा. मग नमुना जितका मोठा, तितके थेट आकड्याचे वजन जास्त. उदाहरणादाखल, मोखाड्याचा थेट आकडा 60 टक्के आला, इतर माहितीवरून 45 टक्के निघाला आणि या दुसऱ्या अंदाजाची प्रमाण त्रुटी 5 टक्क्यांची असली, तर थेट आकड्याला साधारण एक पंचमांश वजन मिळते आणि अंदाज 48 टक्क्यांवर स्थिरावतो. वसईत 404 कुटुंबे असल्याने तिथे उलट होते: चार पंचमांश वजन थेट आकड्याला.

इतर माहिती चुकीची असेल तर मात्र हे गणित फसते. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत याचे चांगले उदाहरण आहे. उपग्रहातून दिसणारा रात्रीचा उजेड समृद्धीची खूण म्हणून जगभर वापरतात. बोईसरला तो उजेड कारखान्यांचा असतो. जवळच्या चाळींत दाटीवाटीने राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांची मिळकत त्यावरून कळत नाही. पालघर तालुक्यात या वसाहतीबरोबरच सातपाटीसारखी मासेमारीची गावे आणि आदिवासी पाडेही आहेत, म्हणून इथे तालुक्याची सरासरीसुद्धा पुरेशी नाही. दुसरी अडचण स्थलांतराची. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला बाहेर पडतात. त्या काळात पाहणी झाली, तर सर्वांत गरजू घरांनाच कुलूप असते. तिसरी अडचण जुन्या माहितीची. 2021ची जनगणना झाली नाही आणि पुढची 2027 साली आहे, त्यामुळे अनेक अंदाज अजून 2011च्या आकड्यांवर उभे आहेत.

या अंदाजांचा उपयोग कुठे करायचा, हेही स्पष्ट हवे. कोणत्या तालुक्याला किती निधी, किती डॉक्टर, किती पोषण पुनर्वसन केंद्रे द्यायची, हे त्यावरून ठरवता येते. कोणत्या पाड्यातले कोणते मूल तीव्र कुपोषित आहे, हे मात्र अंगणवाडी सेविकेच्या वजनकाट्यावरच कळते. दोन्हींची गरज आहे. राज्य सरकारने तालुकावार अंदाज त्रुटीच्या मर्यादेसह नियमित प्रसिद्ध करावेत आणि अंगणवाडीच्या नोंदींशी ते पडताळून पाहावेत. जिल्ह्याच्या एका टक्केवारीवर मोखाड्याचा निधी ठरवणे यापुढे तरी थांबले पाहिजे.